निवडणुकीचा नकाशा सावकाश पाहताना

घाई नसलेला एखादा तास निवडा. अमेरिकेतली निवडणूक होऊन गेलेली असू द्या, कोण जिंकले आणि कोण हरले याचा ताण उतरलेला असू द्या. आता तिथला निवडणुकीचा नकाशा समोर घ्या. राज्याराज्यांचा नको, काउंट्यांचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचाही नको. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2018 मध्ये, 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीचा एक फार बारीक नकाशा प्रसिद्ध केला होता, आणि 2020 च्या निवडणुकीनंतर तसाच आणखी एक. त्यात सर्वांत खालची पायरी आहे प्रिसिंक्टची, म्हणजे एका मतदान केंद्राच्या हद्दीची. पडद्यावर उघडता आला तर उत्तम, नाहीतर नुसता डोळ्यांपुढे आणा. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. हे रंग 2000 च्या निवडणुकीपासून पक्के झाले.

आधी लांबून पाहा. लाल रंग पसरलेला दिसेल, निळे ठिपके शहरांभोवती दाटलेले दिसतील. मन लगेच म्हणेल, देश लाल आहे. त्या विचाराशी भांडू नका, त्याला येऊन जाऊ द्या. वायोमिंग किंवा नेवाडातल्या कित्येक मैलांच्या माळावर मूठभर माणसे राहतात आणि मॅनहॅटनच्या एका चौकात त्याहून अधिक राहतात, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. जमीन मत देत नाही. एवढे मनाशी म्हणा आणि खाली उतरा.

दक्षिणेकडे या. अलाबामाच्या मध्यावर, मिसिसिपीच्या बाजूला वळत गेलेली एक निळी कोर दिसेल. तिच्यावर नजर थोडी रेंगाळू द्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्राचा किनारा होता. त्याच्या गाळातून काळी, सुपीक माती तयार झाली. त्या मातीत एकोणिसाव्या शतकात कापसाचे मळे उभे राहिले, मळ्यांवर गुलाम आणले गेले, आणि त्या गुलामांचे वंशज आजही त्याच पट्ट्यात मोठ्या संख्येने राहतात व बहुतांशी डेमोक्रॅट पक्षाला मत देतात. तुम्ही काउंट्या घ्या, प्रिसिंक्ट घ्या, उद्या आणखी कुठल्या रेघा मारा, ही कोर पुसली जाणार नाही. हे आधी नीट मनात ठेवा, कारण पुढे मी रेघांविषयी शंका घेणार आहे. नकाशावरची प्रत्येक आकृती रेघांनी घडवलेली नसते. काही आकृत्या इतिहासाने इतक्या खोल कोरलेल्या असतात की कुठलीही रेघ त्यांना झाकू शकत नाही.

आता आणखी खाली या. एखाद्या मध्यम शहराच्या कडेला, जिथे निळा फिका होत होत लाल लागतो, तिथला एकच तुकडा निवडा. बाकीचा नकाशा सोडून द्या. त्या एका तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवत चला. एका बाजूला रुंद रस्ता असेल. मग ओढा. मग रेल्वेचा रूळ. मग पुन्हा रस्ता. ही रेघ कुणी काढली?

काउंटीच्या किंवा शहराच्या निवडणूक कचेरीने काढली. प्रिसिंक्ट म्हणजे साधारण आपल्याकडच्या मतदार यादीतल्या ‘यादी भागा’सारखी गोष्ट: अमुक गल्ल्यांतल्या माणसांनी अमुक शाळेत, चर्चच्या सभागृहात किंवा अग्निशमन केंद्रात जाऊन मत द्यायचे, एवढीच तिची मूळ कामगिरी. कुठे तिच्यात काहीशे मतदार असतात, कुठे काही हजार. अशा प्रिसिंक्टची संख्या देशभरात पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. 1975 च्या एका कायद्याने जनगणना विभागाला राज्यांसाठी मतदारसंघ-आखणीला उपयोगी आकडे तयार करायला सांगितले. तेव्हापासून प्रिसिंक्टच्या कडा रस्ता, नदी, रूळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांशी जुळवण्याकडे कल वाढला, कारण जनगणनेचे छोटे ब्लॉकही त्याच खुणांवर आखलेले असतात. रेघ ओढणाऱ्याच्या मनात रांगेची लांबी होती, गाडी लावायला जागा होती, यंत्रे आणि कर्मचारी किती हा प्रश्न होता. शेजारी कुणाला मत देतो, हे बहुतेक वेळा त्याच्या मनात नव्हतेच. तरीही आपण आज त्या रेघेच्या आतला भाग एका रंगाने भरतो आणि म्हणतो, इथली माणसे अशी आहेत.

इथे थोडे थांबा आणि एक वस्ती कल्पा. एक हजार मतदार. वस्तीच्या उत्तरेला पाचशे, त्यातले चारशे निळे, शंभर लाल. दक्षिणेला पाचशे, त्यातले दोनशे निळे, तीनशे लाल. सगळी वस्ती एकाच प्रिसिंक्टमध्ये घातली तर सहाशे विरुद्ध चारशे, नकाशावर मध्यम निळा. वस्तीच्या मधून पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता हद्द धरला तर वरचा तुकडा गडद निळा आणि खालचा लाल. बघणारा म्हणेल, केवढी फूट आहे या गावात. आता रस्ता सोडा, दक्षिणोत्तर जाणारा रूळ हद्द धरा. दोन्ही बाजूंना तीनशे निळे, दोनशे लाल. दोन्ही तुकडे सारखे. बघणारा म्हणेल, काय एकोपा आहे. एकाही माणसाने मत बदललेले नाही, घर बदललेले नाही. तिन्ही नकाशे खरे आहेत. हे तिन्ही नकाशे एकामागून एक, दोन-तीनदा मनात फिरवा. कुठला अधिक खरा, असे ठरवण्याची घाई मन करील, ती करू देऊ नका.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. महसूल मंडळात एक पर्जन्यमापक असतो. त्याने अतिवृष्टी नोंदवली तर सगळे मंडळ भिजले असे कागद म्हणतो, मग तुमच्या शिवारात थेंब पडलेला असो वा नसो. आणि पाऊस काही मंडळाच्या हद्दीवर येऊन थांबत नाही. प्रिसिंक्टच्या नकाशाचे तसेच आहे. फरक एवढाच की पावसाचे शिवारात जाऊन पाहता येते.

भूगोलाच्या अभ्यासकांना हा पेच जुनाच आहे. स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी 1979 मध्ये आयोवा राज्याच्या 99 काउंट्या घेतल्या. रिपब्लिकन मतांचे प्रमाण आणि साठीच्या पुढच्या माणसांचे प्रमाण, या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी तपासला. काउंट्यांच्या पातळीवर तो सौम्य होता. मग त्यांनी शेजारशेजारच्या काउंट्या वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून मोठे विभाग केले आणि दर वेळी तेच गणित पुन्हा मांडले. उत्तर जवळजवळ उणे एकपासून अधिक एकपर्यंत कुठेही नेता आले. म्हणजे त्याच माणसांवरून, त्याच मतांवरून, म्हातारी माणसे रिपब्लिकन असतात असेही दाखवता येत होते आणि अगदी उलटेही. हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हादरवून गेला आणि अजूनही तो मला निवडणुकीच्या कुठल्याही नकाशापुढे सावध करतो.

दुसरी एक गोष्ट याला लागूनच आहे. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये, 1930 च्या जनगणनेवरून दाखवले की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेली माणसे जास्त, तिथे निरक्षरता कमी. पण माणूस-माणूस धरून पाहिले तर परदेशात जन्मलेले लोक थोडे अधिकच निरक्षर होते. कारण उघड आहे: स्थलांतरित लोक जिथे आले ती राज्येच आधीपासून अधिक शिकलेली होती. राज्याचा गुण माणसाच्या माथी मारता येत नाही. तुम्ही निवडलेल्या तुकड्याकडे परत या. तो सत्तर टक्के लाल असेल, तर त्यात जवळपास तीस टक्के माणसे लाल नाहीत. त्या रंगाच्या आत त्यांना शोधा. नकाशात ती सापडणार नाहीत, तरी शोधत राहा. शेजारच्या निळ्या तुकड्यातली लाल माणसेही शोधा.

आणि ती न सापडण्याचे कारण काय, यावर आता मन स्थिर करा. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

मत गुप्त असते. पेटीत पडलेले मत माणसापासून सुटते आणि प्रिसिंक्टच्या बेरजेत मिसळते. त्या बेरजेच्या खाली जाता येत नाही. कोण कुठे राहतो, कुणाचे वय काय, वंश काय, घर स्वतःचे की भाड्याचे, हे सगळे ब्लॉकपर्यंत मोजलेले असते. किती लोकांनी मत दिले, कुठल्या पक्षाचा म्हणून नाव नोंदवले, हेही अनेक राज्यांत कळते. पण मत कुणाला दिले, हे कळण्याची तळपायरी म्हणजे प्रिसिंक्ट. जी रेघ आपल्याला माणसे दिसू देत नाही, तीच त्यांना राखते आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरा. एक धरली की दुसरी निसटू पाहते.

ही पायरी फार लहान झाली की काय होते ते न्यू हॅम्पशायरमधल्या डिक्सव्हिल नॉच या वस्तीत दिसते. तिथे 1960 पासून मतदानाच्या दिवशी मध्यरात्रीच मत देऊन मोकळे होण्याची प्रथा आहे. 2020 मध्ये तिथे पाच मते पडली आणि पाचही जो बायडेन यांना. ती जाहीर होताच कुणी कुणाला मत दिले हे सगळ्या जगाला कळले. 2024 मध्ये सहा मते, तीन कमला हॅरिस यांना आणि तीन डोनाल्ड ट्रम्प यांना. यावेळी मात्र प्रत्येकाच्या मताभोवती थोडा आडोसा राहिला. नेवाडा राज्यात याच कारणाने प्रिसिंक्टमध्ये दहाहून कमी मते असतील तर तो आकडा झाकतात. नकाशावर तिथे रिकामी जागा दिसली तर ती चूक समजू नका.

आपल्याकडेही हा प्रश्न आहे. मतपत्रिकांच्या काळात, धाकदपटशाची भीती असेल तिथे, मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रे आली आणि प्रत्येक बूथचा आकडा वेगळा दिसू लागला. कुठल्या वाडीने, कुठल्या वस्तीने कुणाला मत दिले हे गावात सगळ्यांना कळते, आणि त्याचा हिशेब नंतर रस्ता, पाणी, दिवाबत्तीत चुकता होईल अशी भीती राहते. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ वापरावे, असे निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवले. विधी आयोगाने 2015 च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. ते अमलात आले नाही.

पुन्हा अमेरिकेकडे. प्रिसिंक्टच्या खाली दिसत नाही, ही मर्यादा एकदा सर्वोच्च न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहिली. टेक्सासने 1990 च्या जनगणनेनंतर ह्यूस्टन आणि डॅलसच्या परिसरात मतदारसंघ आखले. त्यांच्या कडा प्रिसिंक्ट फोडत, घराघरांतून वाकत गेल्या होत्या. राज्याचे म्हणणे होते, आम्ही हे पक्षासाठी केले, वंशासाठी नव्हे. ‘बुश विरुद्ध वेरा’ या खटल्यात 1996 मध्ये न्यायालयाने आखणी कशी झाली ते पाहिले. आखणीच्या संगणकप्रणालीत वंशाचे आकडे ब्लॉकपर्यंत होते, मतदानाचे आकडे मात्र प्रिसिंक्टपर्यंतच. मग प्रिसिंक्टच्या आत शिरून रेघ वाकवणाऱ्याला तिथे दिसत काय होते? पक्ष तर दिसूच शकत नव्हता. दिसत होता तो वंश. असे तीन मतदारसंघ रद्द ठरले. हा युक्तिवाद सावकाश पुन्हा वाचा. काय दिसत नव्हते, यावरून काय पाहिले गेले ते सिद्ध झाले.

इथे दोन रेघांची गल्लत होऊ देऊ नका. मतदारसंघाची रेघ सत्ता वाटते, आणि ती हेतूने वाकवण्याची खोड निदान 1812 मधल्या मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळापासूनची आहे. 2019 मध्ये ‘रूचो विरुद्ध कॉमन कॉज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की पक्षासाठी केलेली अशी वाकवावाकवी केंद्रीय न्यायालये तपासणार नाहीत. मला तो निकाल दुःखद वाटतो. प्रिसिंक्टची रेघ सत्ता वाटत नाही, फक्त मोजते. पण मतदारसंघ आखणारा माणूस प्रिसिंक्टचेच तुकडे उचलून जोडतो, आणि त्या आखणीला आव्हान देणाराही त्याच तुकड्यांवरून आपले म्हणणे मांडतो. चेन आणि रॉडन या अभ्यासकांनी फ्लोरिडाच्या 2000 सालच्या प्रिसिंक्टवरून 2013 मध्ये दाखवले की कुणीही कपट न करता, निव्वळ शेजारचे तुकडे जोडत गेले तरी डेमोक्रॅट पक्षाच्या जागा मतांच्या मानाने कमी पडतात, कारण त्याचे मतदार शहरांत दाटीने राहतात. कपट आणि भूगोल वेगळे काढायचे तर आधी हे तुकडे नीट माहीत हवेत. आणि तेच विखुरलेले असतात. कुठे कागदी नकाशा, कुठे रस्त्यांची नुसती यादी. मून डचिन यांच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या गटाने आणि इतरही काही गटांनी कचेऱ्यांशी संपर्क साधून, कागद मागवून हे तुकडे संगणकावर आणले. फार कष्टाचे आणि मोलाचे काम आहे हे, आणि त्याची दखल फारशी घेतली जात नाही.

आता या सगळ्यातून एका गावाकडे या, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज शहरात. नोव्हेंबर 2017. राज्य प्रतिनिधिगृहाच्या 94 व्या मतदारसंघात रिपब्लिकन डेव्हिड यान्सी आणि डेमोक्रॅट शेली सायमंड्स यांच्यात लढत. आधी यान्सी दहा मतांनी पुढे. फेरमोजणीत सायमंड्स एका मताने पुढे. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी एक वादातली मतपत्रिका यान्सींच्या पारड्यात मोजली आणि दोघांना प्रत्येकी 11,608 मते झाली. 4 जानेवारी 2018 ला एका चिनीमातीच्या वाडग्यातून चिठ्ठी काढली. यान्सी निघाले. सभागृह रिपब्लिकन पक्षाकडे राहिले, 51 विरुद्ध 49.

काही महिन्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने शोधून काढले की त्याच शहरात 26 मतदारांना शेजारच्या 93 व्या मतदारसंघाची मतपत्रिका दिली गेली होती. हे मतदार बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या, डेमोक्रॅट पक्षाकडे मोठा कल असलेल्या प्रिसिंक्टमधले होते. या 26 जणांजवळ थोडे थांबा. ते रांगेत उभे राहिले असतील, ओळखपत्र दाखवले असेल, हातात आलेला कागद भरून यंत्रात घातला असेल. त्यांना काही चुकले असे वाटण्याचे कारणच नव्हते. कचेरीतल्या नोंदीत त्यांच्या घरांपुढे चुकीचा मतदारसंघ लागला होता. ते कुणाला मत देणार होते हे कुणालाच ठाऊक नाही, आणि तसे ते ठाऊक असूही नये. नकाशात त्यांचा रंग बदललेला दिसत नाही. पुढे व्हर्जिनियाने कायदा करून प्रत्येक प्रिसिंक्ट पूर्णपणे एकाच मतदारसंघात असावा असे ठरवले, म्हणजे एका केंद्रावर दोन तऱ्हेच्या मतपत्रिका वाटण्याची वेळच येऊ नये.

नकाशा जरा दूर धरा. 2020 मधली एक गोष्ट तेवढी राहिली. साथीमुळे त्या वर्षी टपालाने फार मोठ्या प्रमाणात मतदान झाले, आणि टपालाने मत देणाऱ्यांत डेमोक्रॅट अधिक होते. काही ठिकाणी, व्हर्जिनियातही, ही मते ज्या त्या प्रिसिंक्टमध्ये न मांडता काउंटीच्या एका मध्यवर्ती मोजणीत मांडली गेली. त्या मतांना नकाशावर जमीनच नव्हती. फक्त केंद्रावरची मते रंगवली तर सगळे राज्य आहे त्याहून लाल दिसले असते. नकाशा करणाऱ्याला ती मते अंदाजाने प्रिसिंक्टमध्ये वाटावी लागली. जेकब ब्राउन आणि रायन एनॉस यांनी 2021 मध्ये रेघा सोडूनच दिल्या: 18 कोटी नोंदणीकृत मतदारांच्या पत्त्यांवरून प्रत्येकाचे सर्वांत जवळचे एक हजार शेजारी कुठल्या पक्षाचे, ते त्यांनी मोजले. कितीतरी ठिकाणी माणसे एकाच वस्तीत राहूनही पक्षाने वेगळी पडलेली दिसली. पण त्यांनाही मत दिसले नाही. दिसली ती नोंदणी, आणि जिथे नोंदणीत पक्ष नाही तिथे अंदाज.

शेवटी तुमचा तो एक तुकडा पुन्हा समोर घ्या. 2016 मध्ये तो फिका निळा होता आणि 2020 मध्ये गडद निळा झाला असे समजा. लोक बदलले, असे म्हणण्याआधी त्याच्या कडेवरून पुन्हा बोट फिरवा. या चार वर्षांत कचेरीने ओढ्यापलीकडची नवी वसाहत त्याला जोडली असेल. शाळेचे सभागृह बंद पडले म्हणून दोन प्रिसिंक्ट एक केले असतील. दोन वर्षांचे नकाशे ताडून पाहायचे तर अभ्यासक जुन्या प्रिसिंक्टची मते ब्लॉकांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटतात आणि नव्या हद्दीत पुन्हा गोळा करतात. म्हणजे एका प्रिसिंक्टमधल्या प्रत्येक ब्लॉकाने सारखेच मत दिले असे धरून चालतात. 2030 च्या जनगणनेनंतर अशा हजारो कडा पुन्हा हलतील. 2032 चा नकाशा हाती आला की रंग पाहण्याआधी, गेल्या वेळी ही रेघ कुठे होती, ते विचारून घ्या.